दान द्यायचंय, पण घरखर्चही निघाला पाहिजे

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात पेन्शनर वाचकांचीच पत्रं जास्त निघाली, आणि बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट आहे, की हात चालतायत तोवर समाजाला काहीतरी देऊन जायचं, पण म्हातारपणी मुलांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये. दोन्ही इच्छा रास्त आहेत आणि दोन्ही एकत्र जमतात. कसं जमतं ते पत्रांच्या निमित्ताने बघू.

प्रश्न : मी हायस्कूलमधून रिटायर झालो, वय 71, पत्नी 67, दोघांचं पेन्शनवर भागतं. मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या शेजारच्या आजींनी त्यांच्या कॉलेजला मोठी रक्कम दिली आणि कॉलेज आता त्यांना हयातभर दर तीन महिन्यांनी चेक पाठवतं, असं मुलगी सांगते. मला पण माझ्या शाळेच्या संस्थेला 20 लाख द्यायचेत. अध्यक्ष म्हणाले, सर तुम्ही रक्कम द्या, तुम्ही दोघं आहात तोवर आम्ही महिन्याला 12 हजार देत जाऊ. हो म्हणू का?
– निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, आधी तुमच्या इच्छेला नमस्कार. अमळनेर म्हणजे दानाची परंपरा असलेलं गाव, प्रताप शेठजींच्या औदार्यातून 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, तेव्हा तुमच्या मनात हे यावं यात नवल नाही. पण अध्यक्षांना हो म्हणू नका, निदान या पद्धतीने तर नकोच.

मुलगी सांगते ते खरं आहे. अमेरिकेत त्याला गिफ्ट अन्युइटी म्हणतात आणि ही पद्धत तिथे 1843 पासून आहे, बायबल छापणाऱ्या एका संस्थेने सुरू केली असं सांगतात. देणगीदार संस्थेला रक्कम देतो, संस्था लेखी करार करून त्याला मरेपर्यंत ठरलेली रक्कम देत राहते, आणि माणूस गेल्यावर जे उरेल ते संस्थेचं. किती टक्के द्यायचे याचा तक्ता तिथली एक परिषद वयाप्रमाणे काढते, जानेवारी 2024 च्या तक्त्यात सत्तरीच्या एकट्या माणसाला 6.3 टक्के आणि ऐंशीच्या माणसाला 8.1 टक्के होते, म्हणजे वय जास्त तसा दर जास्त. आणि हे दर मुद्दाम असे बसवलेले असतात की शेवटी साधारण निम्मी रक्कम संस्थेच्या हातात उरावी. म्हणजे त्या आजींना येणारा चेक हा सगळा व्याजाचा नसतो, त्यात त्यांच्याच मुद्दलाचा काही भाग परत येत असतो. दुसरी पद्धत ट्रस्टची, 1969 च्या करकायद्यातून आलेली, त्यात ट्रस्टमधून दरवर्षी किमान 5 टक्के देणगीदाराला मिळतात आणि शेवटी उरलेलं दानाला जातं. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अशा अन्युइटी देणाऱ्या संस्थांवर सरकारची नजर असते, राखीव निधी बाजूला ठेवावा लागतो. त्यामागे पूर्ण कायदा उभा आहे म्हणून तिथे ते चालतं.

आपल्याकडे तो कायदा नाही सर. हयातभर ठराविक रक्कम देण्याचं वचन हा आपल्याकडे आयुर्विम्याचा धंदा धरला जातो, तो फक्त विमा नियामकाचं लायसन असलेल्या कंपनीने करायचा. शाळेच्या संस्थेने तुमच्याकडून 20 लाख घेऊन दरमहा परतावा द्यायचं कबूल केलं तर ते 2019 च्या अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं. वरून आयकराची अडचण आहे, धर्मादाय संस्थेने आपल्या उत्पन्नातून मोठ्या देणगीदाराला किंवा त्याच्या नातेवाईकांना फायदा दिला तर संस्थेचीच करमाफी धोक्यात येते. म्हणजे ज्या शाळेचं भलं करायला निघालात तिलाच नोटीस यायची. आणि ज्याच्या बदल्यात काही परत मिळतं त्याला आयकरवाले देणगी मानतच नाहीत, म्हणजे 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या कलमाची पावती पण कामाची नाही.

हे झालं कायद्याचं. माणसांचं पण बघा. आजचे अध्यक्ष चांगले असतील, शब्दाचे पक्के असतील, पण संस्थेची निवडणूक होते, संचालक मंडळ बदलतं, दोन गट पडतात, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे जातं, आणि आपल्या खान्देशात शिक्षणसंस्थांमध्ये हे किती होतं ते तुम्ही शिक्षक म्हणून माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. नव्या मंडळाने म्हटलं की आमच्या दप्तरी असा ठराव नाही, तर 80 व्या वर्षी तुम्ही कोणाच्या दारात जाणार? आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली म्हातारी माणसं अजून खेटे घालतायत, त्यांचा पण भरवसा ओळखीच्या चेहऱ्यावरच होता.

आता आकडा बघा, खरी गंमत तिथे आहे. 20 लाखांवर महिन्याला 12 हजार म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार, म्हणजे 7.2 टक्के. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचा दर एप्रिल 2023 मध्ये 8.2 टक्के झाला आणि त्यानंतर बराच काळ तिथेच राहिला, तुम्ही खातं उघडाल त्या दिवशीचा दर विचारून घ्या, कारण खातं उघडलं की तोच दर पाच वर्षं कायम राहतो. 8.2 ने 20 लाखांचे वर्षाला 1 लाख 64 हजार, म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या 1 तारखेला 41 हजार खात्यात जमा. तुम्हाला घरात पाहिजेत तिमाहीचे 36 हजार. उरले 5 हजार, वर्षाचे 20 हजार, ते शाळेला आजपासूनच द्या, त्यातून गरीब पोरांची परीक्षा फी, वह्या, एसटीचा पास असं काहीही होईल आणि ते तुम्हाला तुमच्या डोळ्याने बघता येईल. आणि मुद्दल 20 लाख तुमच्याच नावावर. ते मृत्युपत्राने संस्थेला लिहून ठेवा. संस्थेने जे 12 हजार दिले असते ते तुम्हाला मिळालेच, शाळेला आत्ताही मिळालं, पुढेही मिळणार, आणि मधल्या काळात जळगावला किंवा नाशिकला मोठं ऑपरेशन करायची वेळ आली तर पैसा तुमच्या हातात आहे. खातं मुदतीआधी मोडलं तर एक वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात, बस. संस्थेला दिलेली देणगी मात्र ऑपरेशनसाठी परत मागता येत नाही.

या स्कीममध्ये एका माणसाला 30 लाखांपर्यंत टाकता येतं, मुदत पाच वर्षं, नंतर तीन-तीन वर्षांनी वाढवता येते, वाढवताना त्या वेळचा दर लागतो. मॅडमना जॉइंट किंवा एकट्या नॉमिनी ठेवलं तर तुमच्या मागे त्या खातं चालू ठेवू शकतात. दर खाली गेला तर काय ही भीती असेल तर थोडी रक्कम एलआयसीच्या जीवन अक्षय 7 सारख्या तात्काळ पेन्शन पॉलिसीत, दोघांच्या हयातीपर्यंत पेन्शन आणि शेवटी खरेदी किंमत परत हा पर्याय घेऊन टाका, ठरलेली पेन्शन शेवटपर्यंत बदलत नाही. तिथे दर पोस्टापेक्षा कमी बसतो आणि अडीअडचणीला पैसा तितक्या सहज निघत नाही, म्हणून सगळं तिकडे टाका असं मी म्हणणार नाही.

टॅक्सचं पण सांगतो, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की 20 लाख एकदम दिले तर केवढा टॅक्स वाचेल. जवळजवळ काहीच नाही. बहुतेक संस्थांच्या देणगीला 50 टक्के वजावट आणि ती पण एकूण उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत. समजा तुमचं उत्पन्न 7 लाख, तर 20 लाखांपैकी फक्त 70 हजार धरणार आणि त्याचे निम्मे म्हणजे 35 हजार वजा होणार, बाकीची देणगी कराच्या हिशोबात कुठेच नाही, पुढच्या वर्षी पण ओढता येत नाही. आणि नवीन कर पद्धत घेतली असेल तर तेही नाही. दरवर्षी थोडं थोडं दिलं तर जुन्या पद्धतीवाल्याची पूर्ण रक्कम मर्यादेत बसते आणि तिच्या निम्म्याची वजावट मिळते. (1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण लोकांच्या तोंडी 80जीच आहे म्हणून तेच लिहितोय.)

मृत्युपत्राबद्दल नीट ऐका, कारण सगळी मदार त्यावर आहे. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण माझा आग्रह आहे की सब-रजिस्ट्रारकडे जाऊन कराच. दोन साक्षीदार पाहिजेत, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं पाहिजे, आणि ते संस्थेचे संचालक नकोत, तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. वय सत्तरीपुढे आहे तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. संस्थेचं नुसतं बोलीतलं नाव लिहू नका, धर्मादाय आयुक्तांकडचं पूर्ण नाव आणि नोंदणी नंबर लिहा. रक्कम कशासाठी ते लिहा, म्हणजे मुद्दल कायम निधीत ठेवायचं आणि फक्त व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची, नाहीतर ते पैसे गेटच्या कमानीत जातील आणि कमानीवर तुमचं नाव असेल पण पोरांना एक वही मिळायची नाही. संस्था बंद पडली तर कोणाला द्यायचं तेही एका ओळीत लिहा.

नॉमिनी म्हणजे मालक नाही, पोस्ट ज्याच्या हातात पैसा देईल तो माणूस, एवढंच, पुढे तो पैसा मृत्युपत्राप्रमाणे जातो. म्हणून नॉमिनी एकट्या पत्नीच ठेवा, त्या नसतील तर मुलगी, आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी पण मुलगीच ठेवा, म्हणजे दोन माणसांची ओढाताण नाही. पण मुलीला आजच सांगा सर. फोनवर नको, ती सुटीत येईल तेव्हा समोर बसवून सांगा. मागून कळलं की नातेवाईक कोर्टात जातात, आधी कळलं की तेच मदतीचा हात लावायला येतात.

प्रश्न : माझं धुळ्यात घर आहे, खाली दोन गाळे भाड्याने दिलेत, त्या भाड्यावर माझं चालतं. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. दोघी मुली सुखात आहेत. घर एका वाचनालयाच्या ट्रस्टला द्यायचं मनात आहे. पैसा काय संगे लई जाना शे का! पण भाडं बंद झालं तर मी खाणार काय?
– एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : ताई, धुळ्याला पुस्तकांची आणि कागदांची कदर आहे, राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून तिथे उभं आहे, तेव्हा तुमचं घर चांगल्या हातात जावं असं मला मनापासून वाटतं. आणि तुमच्या प्रश्नाला कायद्यात सरळ उत्तर आहे. बक्षीसपत्र करून घर आज ट्रस्टच्या नावावर करायचं आणि त्यातच लिहून ठेवायचं की मी हयात आहे तोपर्यंत वर राहणार मी आणि खालच्या गाळ्यांचं भाडं घेणार मी. ताबा लगेच दिला नाही तरी बक्षीसपत्र पक्कं ठरतं, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये आंध्रकडच्या एका खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. बक्षीसपत्र रजिस्टर झालंच पाहिजे, दोन साक्षीदार पाहिजेत आणि ट्रस्टने तुमच्या हयातीत ते स्वीकारलं पाहिजे, ट्रस्टच्या ठरावाची प्रत जोडून घ्या. घरपट्टी कोण भरणार, गळती लागली तर खर्च कोणाचा, भाडेकरू बदलला तर नवा करार कोण करणार, हे तिथेच लिहा, नंतर तोंडी बोलू असं म्हणून सोडू नका.

पण हे दस्त करायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, घर कोणाच्या नावावर आहे? तुमच्या यजमानांच्या नावावर होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं तर त्यात तुमचा एक हिस्सा आणि दोघी मुलींचा एकेक हिस्सा, सासूबाई त्या वेळी हयात होत्या तर त्यांचा पण. तुम्ही फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता. मुलींची मनापासून संमती असेल तर त्यांचं हक्कसोडपत्र आधी करून घ्या. दुसरी, बक्षीसपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून रद्द होत नाही. आणि खर्च पण बघा, मुलाला-मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला 200 रुपयांचा स्टॅम्प आहे तशी सवलत ट्रस्टला देताना मिळत नाही, बाजारभावावर मुद्रांक लागतो. घराच्या रूपात दिलेल्या दानाला 80जी पण लागू नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला.

माझं मत विचाराल तर ट्रस्टला आज त्या जागेची खरोखर गरज नसेल तर मृत्युपत्र करा. भाडं तुमचं, घर तुमचं, मुद्रांक नाही, आणि उद्या त्या ट्रस्टचा कारभार बिघडला तर तुम्ही दुसरं नाव लिहू शकता. बक्षीसपत्र तेव्हा करा जेव्हा तुम्हाला भीती आहे की तुमच्या मागे कोणी मृत्युपत्र अडवेल. घर ट्रस्टच्या नावावर गेल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टला ते विकता येत नाही, हा तुम्हाला एक आधार आहे.

प्रश्न : चार एकर केळीची जमीन आहे, मुलगा पुण्यात कंपनीत, तो काही शेती करायचा नाही. गावच्या गोशाळा ट्रस्टला जमीन द्यावी आणि त्यांनी आम्हा दोघांना वर्षाला ठराविक उत्पन्न द्यावं असं ठरतंय.
– शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : दादा, थांबा. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही तशी बक्षीसही देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, कुळकायद्याचं 63 वं कलम आहे. ट्रस्ट शेतकरी धरली जात नाही. मृत्युपत्राने पळवाट निघेल असं कोणी सांगेल, पण याच 1948 च्या कायद्यावर गुजरातमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये तीही वाट मान्य केली नाही. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलाचा आणि मुलींचा जन्मतः हक्क आहे, तुम्ही एकट्याने देऊ शकत नाही. उत्पन्न देण्याच्या वचनाबद्दल वर अमळनेरच्या सरांना लिहिलंय तेच तुम्हाला.

जमीन ठेवा. बटईने किंवा खंडाने द्या, लेखी करार करा, येणाऱ्या पैशातला ठरवलेला वाटा दरवर्षी गोशाळेला द्या, केळी निघाल्यावर चारा-कडब्याच्या रूपात दिला तरी गुरांना चालतो. रक्कम नेमकी किती ते केळीच्या भावावर सोडा, करपा आला किंवा गारपीट झाली त्या वर्षी देणं झालं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांपासूनचे विप्रोचे शेअर आहेत. ते दान करून डिव्हिडंड आम्ही घ्यायचा असं होईल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही, शेअर दिले की डिव्हिडंड पण त्यांच्या मालकाचाच. 1945 साली तुमच्या गावात तेलाच्या कारखान्यापासून सुरू झालेली ही कंपनी, तिचे जुने शेअर जपून ठेवणारी घरं अमळनेरात आहेत. उलटं करा, शेअर तुमच्याकडे ठेवा आणि डिव्हिडंडचा वाटा दान करा. अझीम प्रेमजींनी 2019 पर्यंत विप्रोतल्या 67 टक्के हिश्श्याचा आर्थिक लाभ त्यांच्या फाउंडेशनला दिला, पण ती मोठ्या फाउंडेशनची गोष्ट, साध्या धर्मादाय ट्रस्टला कंपनीचे शेअर फार काळ सांभाळता येत नाहीत, मुदतीत विकून पैसा मान्य ठिकाणी गुंतवावा लागतो. म्हणून मृत्युपत्रात लिहायचं असेल तर शेअर विकून येणारी रक्कम ट्रस्टला द्यावी असं लिहा.

प्रश्न : वृद्धाश्रमाला 5 हजार रोख दिले, पावती आहे, 80जी मिळेल ना?
– सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : नाही मिळणार. 2 हजारांच्या वर रोख दिलेली देणगी वजावटीला धरत नाहीत. पुढच्या वेळी चेक किंवा यूपीआयने द्या, पॅन द्या, आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून आयकराच्या नमुन्यातलं देणगीचं सर्टिफिकेट मागून घ्या (जुन्या कायद्यात त्याला फॉर्म 10बीई म्हणत), नुसती छापील पावती आता पुरत नाही. संस्था तो फॉर्म देत नसेल तर तिच्याकडे 80जीची चालू मंजुरी आहे का ते आयकराच्या वेबसाइटवर तिचा पॅन टाकून बघा. तिथे नाव नसलं आणि तरी काम चांगलं चाललेलं तुम्हाला डोळ्याने दिसत असेल तर वजावटीचा विचार सोडून द्या आणि धान्य, औषधं, ब्लँकेट असं वस्तूंच्या रूपात द्या.